रविवारची गोळी

रविवार, ४ फेब्रुवारी

आजही नाही घेतली.

सहाला फोन वाजला. अक्काचा. रविवारी सकाळी सहाला दुसरं कोण करणार! "उठलीस का गं? पेला भरलास? मोठा आहे ना? मागच्या वेळी वाटीभर पाण्यावर भागवलंस, मला आवाजावरून कळलं." भरला होता. मग तिकडे ती घटाघट प्यायली, इकडे मी. पेला फोनजवळ धरून प्यायले, तिला नीट ऐकू जावं म्हणून. गोळी बेसिनच्या कडेवर होती. नंतर नळ सोडला, गेली वाहून.

पुढचा अर्धा तास दोघी खुर्चीत ताठ बसून बोलतो. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, चहा नाही, बिस्किट नाही. हाडांच्या गोळीचे नखरे! घड्याळ अक्काच्या ताब्यात. साडेसहा झाले की ती "सुटलो गं" म्हणते आणि आम्ही आपापल्या गॅसकडे पळतो.

हे तिसरं वर्ष. पहिले पाच रविवार मी खरंच घेतली. त्यानंतर एकही नाही. अक्काला माहीत नाही, लेकीला माहीत नाही, हाडांच्या डॉक्टरणीला तर नाहीच नाही. या वहीला सांगायला काय जातंय.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई आल्या होत्या. जुना राखाडी कोट घेऊन. म्हणाल्या, "हा धुतल्यावर आटला का हो? मागून वर जातो, पुढून लोंबतो."

घालून दाखवा म्हटलं. घातला. कोट बिचारा होता तसाच आहे. बाईंची पाठ वाकलीय. पाठीला कमान आली की मागचं कापड वर ओढलं जातं आणि पुढचं खाली येतं. जुनी मापाची वही काढली. सात वर्षांपूर्वी बाईंना हाच कोट मी शिवला होता. मागची लांबी आणि पुढची लांबी, दोन्ही आता बदलावी लागणार. मागे जोड द्यायचा, पुढून दोन इंच दुमडायचं.

"हो, आटलाच असेल," म्हटलं मी. काय सांगणार?

त्या गेल्यावर दार लावलं. माझा निळा झगा काढला, दहा वर्षांपूर्वीचा, आणि घालून आरशासमोर उभी राहिले. पुढून दोन बोटं लोंबतोय. चाळीस वर्षं बायकांची मापं घेतेय, मला टेप लावायची गरज नाही. झगा काढून तसाच ट्रंकेत कोंबला.

रविवार, ११ फेब्रुवारी

नाही घेतली. अर्धा तास अक्का फक्त शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलली. हसून हसून पुरेवाट! अशा बहिणीला खोटं कसं सांगावंसं वाटतं मला, देव जाणे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज आमच्या इन्स्पेक्टरीणबाईंचा, म्हणजे लेकीचा, तपासणी फोन. "आई, पट्टी दाखव." व्हिडिओवर गोळ्यांची पट्टी धरली. चारपैकी दोन खड्डे फुटलेले. बरोबर! मी हिशोबाला पक्की आहे. दर रविवारी एक गोळी फोडतेच ना, फक्त पोटाऐवजी मोरीत जाते. ती खूश. "शाब्बास," म्हणाली. मला! जिला मी शाळेत सोडायला जायची तिच्याकडून शाब्बासकी.

खरं का नाही सांगत? लिहूनच टाकते एकदा.

पहिली गोळी मिळाली तेव्हा डॉक्टरणीने सगळं समजावलं होतं. मी मान डोलावली. पण डोकं कुठे होतं माझं! तिने फोटो लावून दाखवलं होतं: कमरेच्या वरचा एक मणका चेपलेला. पडले नव्हते, काही उचललं नव्हतं, आपोआप चेपला. आमची आई डोळ्यांसमोर आली. शेवटची सहा वर्षं तिला समोरच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, फक्त पाय दिसायचे. चपलांवरून ओळखायची आम्हांला. तर त्या नादात घरी आले, दुसऱ्या दिवशी पहाटे गोळी तोंडात टाकली, वर चहाचा एक घोट, आणि पुन्हा पांघरुणात शिरले. तासाभराने छातीत जी आग लागली! वाटलं, गेले. दोन दिवस थुंकी गिळवत नव्हती.

कुणाला सांगायची लाज वाटली. जिला कोटाच्या अस्तरात उलटी टीप पडलेली चालत नाही, तिला साधी गोळी घेता आली नाही! फक्त अक्काला सांगितलं. अक्काला तीच गोळी चालू होती, मनगट मोडल्यापासून. ती भयंकर रागावली आणि मग म्हणाली, "असं कर, आपण दोघी एकाच वेळी घेऊ. मी फोनवर बसते. बघू कशी आडवी होतेस!"

तेव्हापासून हा रविवारचा फोन. पुढचे चार रविवार तिच्या धाकाने घेतली. नीट घेतली, काही झालंही नाही. पण घशाला ती पहिली आठवण चिकटून बसलेली. गोळी जिभेवर आली की गिळवायची नाही. सहाव्या रविवारी हातातच राहिली. वाटलं, आज नको, पुढच्या वेळी घेऊ. पुढची वेळ आलीच नाही. हाड दुखत नाही ना रोज! दुखलं असतं तर घेतली असती.

आणि फोन बंद करायचा नव्हता. तिला सांगितलं असतं तर फोन कशाला केला असता तिने? आठवडाभर मी, मशीन आणि लोकांच्या चेनी. त्यात तो अर्धा तास.

रविवार, २५ फेब्रुवारी

आज घ्यायचीच असं ठरवून उठले. जिभेवर ठेवली. अक्का बोलत होती, पाय सुजलेत म्हणे, चपला होत नाहीत. "मीठ कमी कर," म्हटलं मी तोंडात गोळी धरून. "मीठ कधीच सोडलंय गं," म्हणाली. तेवढ्यात गोळी विरघळायला लागली, कडू चव आली, आणि मी थुंकून टाकली. खोकल्याचं निमित्त केलं.

"पाणी पी आणखी," अक्का म्हणाली. "हळूहळू पी, मी आहे."

ती "मी आहे" म्हणते तेव्हा मला स्वतःची किळस येते.

शनिवार, २ मार्च

वरच्या फळीवरून अस्तराचा ताका काढायला हात वर केला आणि पाठीतून कसलीशी कळ गेली. काही उचलण्याआधीच! दहा मिनिटं टेबलाला धरून उभी होते. मग बसले आणि दोन पँटींच्या दुमडी घातल्या. हातशिलाई जमली. मशीनवर वाकता येईना.

रविवार, ३ मार्च

पाठीचं अक्काला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, "गोळी घेतेयस तरी?"

आज सगळंच सांगून टाकावं असं फार वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "तू नेमाने घेतेस ना, मला फार बरं वाटतं बघ. आईसारखं तुझं होऊ नये एवढंच वाटतं. माझं काय, मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, माझं झालंच आता." मी म्हटलं, "काहीतरीच बोलतेस." आणि साडेसहा वाजले.

बुधवार, १३ मार्च

अक्का पडली.

दुपारी तिच्या सुनेचा फोन. न्हाणीघरातून बाहेर येताना उंबऱ्याशी पाय अडखळला. पडली म्हणजे काय, खाली बसली नुसती. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात आहे.

मी फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो हा: गोळी घेऊनही? दुसरा विचार अक्काचा आला. हा क्रम लिहून ठेवतेय, लाज वाटते तरी.

गुरुवार, १४ मार्च

दोन बस बदलून गेले. बसच्या प्रत्येक खड्ड्याला पाठीतून कळ. अक्का पलंगावर एवढीशी दिसत होती. पायाला वजन बांधलेलं. ऑपरेशन लगेच करत नाहीयेत, रक्ताचे रिपोर्ट चांगले नाहीत म्हणे. सून सारखी डॉक्टरांच्या मागे धावत होती, मुलगा खाली औषधं आणायला. मी पलंगाजवळ बसले.

हात हातात घेतला तर म्हणाली, "वाकडी का बसलीस? पाठ दुखतेय?"

"बसमध्ये अवघडली."

"बघ हं." मग डोळे मिटले. मला वाटलं झोपली. निघायला उठले तर डोळे न उघडता म्हणते, "या रविवारी माझा फोन नाही आला तरी तू घे. आडवी होऊ नकोस."

"हो अक्का."

तिच्या हातावर हात ठेवून खोटं बोलले. आजवर निदान फोनवर तरी बोलत होते.

रविवार, १७ मार्च

ऑपरेशन परवा झालं. अजून वेगळ्या खोलीत ठेवलंय, कुणाला भेटू देत नाहीत.

सहाला जाग आली. पेला भरला. खुर्चीत बसले. फोन समोर ठेवून साडेसहापर्यंत ताठ बसून राहिले. गोळी घेतली नाही.

शुक्रवार, २२ मार्च

अक्का गेली. सकाळी.

शनिवार, २३ मार्च

तिचा मुलगा म्हणाला, "ऑपरेशन चांगलं झालं होतं मावशी. किडन्यांनी साथ सोडली."

रविवार, ३१ मार्च

सहा ते साडेसहा. काय करायचं असतं माणसांनी या वेळात? केर काढला. वाकता येत नाही, उभ्या उभ्या काढला. निम्मा तिथेच राहिला.

साडेसहाला गोळ्यांची पट्टी घेतली, ड्रॉवरमधल्या दोन आख्ख्या पट्ट्या घेतल्या, कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून आले. आता मोरीत एकेक सोडायचं नाटकही नको.

लेकीला फोन करून सरळ सांगितलं. सगळं नाही. एवढंच सांगितलं की आजपासून बंद. ती रडकुंडीला आली. "आई, इतकी वर्षं घेतलीस आणि आता सोडतेस?"

"तुझ्या मावशीने इतकी वर्षं घेतली. एक रविवार चुकवला नाही तिने. काय मिळालं? खुबा मोडायचा तो मोडलाच. आणि एवढी औषधं पोटात गेल्यावर किडन्या जाणार नाहीत तर काय होणार!"

"असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? मला दिसत नाही का?"

"उद्या बोलू," म्हणाली. जिंकले. फोन ठेवल्यावर खूप रडले. रागच आला होता जास्त. अक्काचा राग, की तिने वेड्यासारखी इमानदारी केली. माझ्यासारखी लबाडी केली असती तर निदान किडन्या तरी राहिल्या असत्या.

शुक्रवार, ५ एप्रिल

काम नाही केलं. अंथरुणातून उठायला पाव तास लागतो.

मंगळवार, ९ एप्रिल

लेक स्वतः आली आणि ओढत डॉक्टरणीकडे घेऊन गेली. डॉक्टरीण तीच, पोरगेलीशी, मला "आजी" म्हणते. नातवंड नाही मला एक, पण असो.

फोटो काढले. आणखी दोन मणके चेपलेत. एकूण तीन. उंची मोजली तर पावणेदोन इंचाने कमी भरली. पाठीत कळ आली तो दिवस सांगितला, तर बहुधा तेव्हाच चेपले, म्हणाली. मी लेकीकडे बघितलं नाही.

"गोळी नियमित घेत होतात ना आजी?"

लेक म्हणाली, "एकही चुकवली नाही. मी बघायचे."

डॉक्टरीण कागदावर काहीतरी लिहून म्हणाली की मग गोळीचा उपयोग होत नाहीये असं धरावं लागेल, आपण दुसरं बघू. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन असतं. गिळायला नको, रविवार लक्षात ठेवायला नको. आधी रक्त तपासायचं, किडन्या ठीक आहेत ना ते बघायचं, मग द्यायचं.

किडन्या म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "बघा! म्हणजे किडन्या बिघडतात ना या औषधांनी? माझी बहीण नेमाने घ्यायची. तुमच्यापैकीच कुणी तरी लिहून दिली होती. खुबा मोडून आणि किडन्या जाऊन गेली गेल्या महिन्यात."

डॉक्टरीण म्हणाली, "वाईट झालं आजी. औषध घेऊनसुद्धा कधी कधी मोडतं. शक्यता कमी होते, शून्य होत नाही. तुमच्या बहिणीला आधीपासून किडनीचा त्रास होता का?"

"मुळीच नाही. थोडं ब्लडप्रेशर होतं, बस."

"नक्की?"

"माझी सख्खी बहीण होती ती. दर रविवारी बोलायचो आम्ही."

इंजेक्शनचं विचार करून सांगते म्हटलं. चालताना लेकीने माझा दंड धरला होता, मी सोडवून घेतला. तिचे डोळे भरले होते. संध्याकाळच्या गाडीने गेली.

ती समजतेय की औषध घेऊनही आईचे मणके गेले. मला खरं माहीत आहे. तरी अक्काचं काय? तिने तर खरंच घेतली होती ना! या प्रश्नाशी आले की इंजेक्शनला पुन्हा नाहीच म्हणावंसं वाटतं.

शनिवार, २० एप्रिल

पोस्टाच्या बाई कोट मागायला आल्या. पुढची दुमड घातली होती, मागचा जोड राहिलाय. मशीनवर वाकवत नाही हो, असं सांगावं लागलं. कोट परत दिला, पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याचा पत्ता दिला. चाळीस वर्षांत अर्धं काम परत दिलं नव्हतं कधी.

"तुम्ही औषध घेता ना काही?" बाईंनी विचारलं. "मला सांगितलंय डॉक्टरांनी, पण मी अजून सुरू नाही केलं. तुमचा काय अनुभव?"

"काही उपयोग नाही," म्हटलं मी. "माझी बहीण घ्यायची."

बाई मान हलवून गेल्या. दारातून जाताना मागून बघितलं. चार-पाच वर्षांत त्यांनाही फक्त पायच दिसतील लोकांचे. मग मी दार लावून घेतलं आणि मशीनवर कापड घालून ठेवलं.

बुधवार, २४ एप्रिल

मान वर करून घड्याळ बघायला त्रास होतो. घड्याळ खालच्या खिळ्यावर घेतलं.

रविवार, २८ एप्रिल

अक्काची सून आली होती. अक्काची शाल आणि दोन साध्या साड्या द्यायला. चहा करत होते, पाठमोरी. सहज म्हणाले, एवढ्या नेमाने हाडांची गोळी घेतली तिने, तरी बघ काय झालं.

"नाही हो मावशी. ती गोळी तर दोन वर्षांपूर्वीच बंद केली डॉक्टरांनी. ब्लडप्रेशरने किडन्या बिघडल्याचं कळलं तेव्हा. अशा किडन्यांना ती गोळी चालत नाही म्हणाले."

मग रविवारी?

"रविवारी तुमच्यासाठी उठायच्या. आम्ही म्हणायचो, आता कशाला उठता, बरं नाही तर झोपा. ऐकायच्या नाहीत. म्हणायच्या, मी सोडली हे तिला कळलं तर तीही सोडेल. शेवटी शेवटी उठवत नव्हतं, तर मी आधार देऊन खुर्चीत बसवायची. तुम्हांला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला."

ती गेल्यावर आधी पोस्टाच्या बाईंना फोन लावला. सांगितलं, माझं चुकलं, औषध सुरू करा. मग डॉक्टरणीच्या दवाखान्यात लावला, इंजेक्शनसाठी. बराच वेळ वाजत राहिला. आज रविवार, कोण उचलणार.